रिसेप्टर आत गेला म्हणजे मेला नाही

गेले काही महिने एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे. मला तो सहा-सात जणांनी पाठवला, दरवेळी ‘हे खरं आहे का?’ या प्रश्नासकट. मजकूर थोडक्यात असा:

“पेप्टाइड हार्मोन आकाराने मोठा, म्हणून तो पेशीच्या बाहेरच राहतो आणि दारावरची घंटा वाजवतो. ही घंटा म्हणजे रिसेप्टर. घंटा सारखी वाजायला लागली की पेशी वैतागते आणि घंटाच उपटून आत ओढते. घंटा आत गेली की संदेश बंद. आत गेलेली घंटा पेशी जाळून टाकते, ती परत येत नाही. म्हणजे बाहेरून घेतलेल्या इन्सुलिनचा आणि वजनाच्या इंजेक्शनांचा प्रत्येक डोस तुमचे रिसेप्टर कायमचे कमी करतो. उपाय एकच, अधूनमधून औषध बंद ठेवा आणि रिसेप्टरना विश्रांती द्या.”

पेशी वाढवणं आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्याकडे तासन्‌तास बघत बसणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. त्यामुळे हा मजकूर वाचताना सगळ्यात आधी जाणवलं ते हे की, लिहिणाऱ्याने काहीतरी खरं वाचलेलं आहे. हार्मोन चिकटल्यावर रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जातात, हे खरं. इन्सुलिन भरपूर असलं की पेशीवरच्या रिसेप्टरांची संख्या घटते, हेही खरं. पण रिसेप्टर गप्प होणं, आत जाणं, परत येणं आणि मोडला जाणं या चार निरनिराळ्या घटना आहेत. मजकुराने त्या चारही एकाच टोपलीत टाकल्या आणि वर एक सल्ला ठेवून दिला. तो सल्ला जिवावर बेतू शकतो. म्हणून एकेक वाक्य घेते.

“हार्मोन पेशीच्या बाहेरच राहतो.”

यातलं अर्धं बरोबर आहे. स्टेरॉइड हार्मोन मेदात विरघळतात, त्यामुळे पेशीपटलातून ते पार होऊ शकतात. पेप्टाइड हार्मोन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; तिला ते जमत नाही. इन्सुलिन 51 अमिनो आम्लांचं, ग्लुकॅगॉन 29 चं, व्हॅसोप्रेसिन तर जेमतेम 9 चं. पण 9 असोत की 51, पाण्यात रमणारा रेणू तेलकट पटलातून आपला आपण शिरत नाही. त्याला पृष्ठभागावर रिसेप्टर लागतो. इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही.

पण रिसेप्टरला चिकटल्यावरही तो बाहेरच राहतो, हे 1976 सालीच खोटं ठरलं. ग्रॅहॅम कार्पेंटर आणि स्टॅन्ली कोहेन यांनी ईजीएफ या 53 अमिनो आम्लांच्या वृद्धिघटकाला किरणोत्सारी आयोडीन जोडलं आणि तो माणसाच्या फायब्रोब्लास्ट पेशींवर सोडला. बर्फाच्या तापमानाला तो पेशींना नुसता चिकटून राहिला. 37 अंशांना मात्र पेशींवरची किरणोत्सारिता आधी चढली, मग उतरू लागली, आणि भोवतीच्या द्रवात आयोडीन लागलेलं सुटं टायरोसिन सापडायला लागलं. टायरोसिन हे साखळीतलं एक अमिनो आम्ल. ते सुटं सापडतंय याचा अर्थ साखळी कुठेतरी आत गेली, तिथे तिचे तुकडे झाले आणि तुकडे बाहेर आले.

हाच प्रयोग आजही थोड्याफार फरकाने केला जातो. पेशींची थाळी बर्फावर ठेवायची, खुणेचा हार्मोन घालायचा. थंडीत पेशीपटल गोठल्यासारखं स्थिर असतं. हार्मोन रिसेप्टरला बसतो, पण आत काही जात नाही. उरलासुरला हार्मोन धुऊन टाकायचा आणि थाळी 37 अंशांना न्यायची. मग दोन मिनिटांनी एक थाळी काढायची, पाच मिनिटांनी दुसरी, दहा मिनिटांनी तिसरी, आणि प्रत्येक थाळीवर आम्लधर्मी द्रव क्षणभर फिरवायचा. आम्ल लागताच पृष्ठभागावरचा हार्मोन सुटून येतो. जो सुटत नाही, तो आत गेलेला. खुणेला चमकणारा रंग लावला असेल तर हे डोळ्यांनीच दिसतं. बर्फावरच्या पेशीभोवती एक सलग, बारीक चमकती कड असते. ऊब मिळाली की काही मिनिटांत ती कड तुटक होते, तिचे ठिपके होतात, आणि ठिपके आतल्या बाजूला सरकायला लागतात. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा बाजूला ठेवलेली वही तशीच कोरी राहिली होती.

आता तर या आत जाण्यावर उपचार उभे आहेत. काही न्यूरोएंडोक्राइन गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या हार्मोनचे रिसेप्टर दाटीने असतात. सोमॅटोस्टॅटिनसारख्या छोट्या पेप्टाइडला ल्युटेशियम-177 हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडून रुग्णाच्या शिरेत देतात. रिसेप्टर ते पेप्टाइड पकडतो आणि स्वतःबरोबर गाठीच्या पेशीत घेऊन जातो. किरणोत्साराचा स्रोत तिथेच मुक्कामाला राहतो. अमेरिकेत या औषधाला 2018 मध्ये मान्यता मिळाली.

“घंटा सारखी वाजली की पेशी वैतागते आणि ती उपटून आत ओढते.”

या वाक्यात सगळ्यात मोठी गफलत आहे, म्हणून इथे जरा थांबावं लागेल. या वाक्याप्रमाणे आत ओढणं ही अतिरेकावरची शिक्षा आहे. थोडा हार्मोन असेल तर पेशी निवांत, जास्त झाला की संताप. प्रत्यक्षात हार्मोन रिसेप्टरला बसला, रिसेप्टर जागा झाला, की त्याच मिनिटात त्याच्या आत जाण्याची तयारी सुरू होते. हार्मोनचं प्रमाण वाढलं की आत जाणाऱ्या रिसेप्टरांची संख्या वाढते एवढंच. यंत्रणा तीच, पहिल्या रेणूपासून चालू असलेली.

ती यंत्रणा कशी चालते ते पाहा. पेप्टाइड हार्मोनांचे बरेचसे रिसेप्टर पेशीपटलातून सात वेळा आत-बाहेर वळणं घेत गेलेले असतात. ग्लुकॅगॉन, व्हॅसोप्रेसिन, पॅराथायरॉइड हार्मोन, जीएलपी-1 यांचे रिसेप्टर या घराण्यातले. हार्मोन बाहेरून बसला की रिसेप्टरची आतली बाजू आकार बदलते. त्या बदललेल्या आकाराला जी-प्रथिन येऊन भिडतं आणि संदेश पुढे जातो. पण त्याच आकाराला आणखी एक पाहुणा ओळखतो: जीआरके नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम. ते रिसेप्टरच्या आतल्या शेपटीवर फॉस्फेटचे गट चिकटवतं. फॉस्फेट लागलेली शेपटी दिसली की बीटा-अरेस्टिन नावाचं प्रथिन तिथे येऊन बसतं, आणि एकदा ते बसलं की जी-प्रथिनाला जागा उरत नाही. रिसेप्टर पृष्ठभागावरच असतो, हार्मोन बसलेलाच असतो, पण तो गप्प झालेला असतो. गप्प होणं आणि आत जाणं या वेगळ्या पायऱ्या आहेत असं मी वर म्हटलं, ते यासाठी. रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना या रिसेप्टर घराण्यावरच्या कामासाठी 2012 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

बीटा-अरेस्टिनचं दुसरं काम 1996 मध्ये उलगडलं. ते एका हाताने रिसेप्टर धरतं आणि दुसऱ्या हाताने क्लॅथ्रिन. क्लॅथ्रिन हे तीन पायांचं प्रथिन; बार्बरा पिअर्स यांनी ते 1970 च्या दशकाच्या मध्यावर वेगळं काढून त्याला नाव दिलं. अशी अनेक तिपाई प्रथिनं एकमेकांच्या पायात पाय अडकवून पंचकोन-षट्कोनांची जाळी विणतात. जाळी विणली जाते तसं तिच्यावरचं पटल आत खचतं, खळगा खोल होतो, आणि अखेर त्याची मान एवढी बारीक होते की डायनामिन नावाचं प्रथिन तिच्याभोवती वेटोळं घालून ती आवळून तोडतं. सुटलेला फुगा साधारण 100 नॅनोमीटरचा. केसाच्या जाडीत असे शेकडो फुगे एकाशेजारी एक मावतील. खळगा पडण्यापासून फुगा सुटेपर्यंत सगळं मिळून साधारण मिनिटभर लागतं.

इन्सुलिनचा रिसेप्टर या सातवळणी घराण्यातला नाही. तो स्वतःच विकर आहे. इन्सुलिन बसलं की तो स्वतःच्याच टायरोसिनांवर फॉस्फेट चिकटवतो, आणि त्याच फॉस्फेटांवरून पुढचे निरोपे कामाला लागतात. प्रयोगशाळेत या रिसेप्टरची विकरशक्ती बिघडवून पाहिली, तेव्हा इन्सुलिन बसत होतं, पण त्यामुळे होणारं आत जाणं जवळजवळ थांबलं. संदेश देणं आणि आत जाणं एकाच खिट्टीवर टांगलेलं आहे. याला संताप म्हणायचं तर संदेश देण्यालाही संताप म्हणावं लागेल.

शिवाय पेशीपटल आत घेणं हा पेशीचा अष्टौप्रहर चालणारा व्यवहार आहे. मॅक्रोफेज ही भक्षक पेशी अर्ध्या तासात आपल्या सगळ्या पृष्ठभागाएवढं पटल आत घेते आणि तेवढंच परत बाहेर जोडते. अशा पेशीला घंटा उपटण्यासाठी वैताग यावा लागत नाही.

“घंटा आत गेली की संदेश बंद.”

खूप काळ शास्त्रज्ञही असंच मानत होते, त्यामुळे मजकूर लिहिणाऱ्याला मी या वाक्यासाठी फार दोष देणार नाही. जुन्या पुस्तकांत हेच लिहिलं आहे. पण त्याला पहिला मोठा तडा 1996 मध्ये गेला. पेशींत डायनामिन बिघडवून ईजीएफचा रिसेप्टर आत जाऊ दिला नाही, तर काय होईल? आत जाणं म्हणजे फक्त बंद होणं असेल, तर सगळे संदेश वाढायला हवेत. तसं झालं नाही. काही संदेश वाढले, पण काही चक्क मंदावले. म्हणजे काही निरोप पूर्ण ताकदीने पोचण्यासाठी रिसेप्टर आत जावाच लागतो.

मग 2009 मध्ये दोन वेगळ्या गटांनी दोन वेगळ्या हार्मोनांवर तीच गोष्ट दाखवली. एक गट अवटू ग्रंथीला चालना देणाऱ्या टीएसएचवर काम करत होता, दुसरा पॅराथायरॉइड हार्मोनवर. मला दुसरं उदाहरण फार आवडतं, कारण त्यात तुलनेसाठी निसर्गानेच जोडी दिली आहे. पॅराथायरॉइड हार्मोन आणि त्याच्यासारखाच पीटीएचआरपी नावाचा पेप्टाइड, हे दोघेही एकाच रिसेप्टरवर बसतात. दोघेही पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप पुढे नेणारा छोटा रेणू वाढवतात. मग दोघांनाही धुऊन टाकायचं आणि बघत राहायचं. पीटीएचआरपीने वाढलेलं सायक्लिक एएमपी लवकर उतरतं; त्याचं काम पृष्ठभागावरच आटोपतं. पॅराथायरॉइड हार्मोनचं मात्र धुतल्यानंतरही बराच वेळ चढलेलं राहतं. हार्मोन गेला कुठे? रिसेप्टरला मिठी मारून तो फुग्यातून एंडोसोम नावाच्या कप्प्यात पोचलेला असतो, आणि तिथून संदेश चालूच असतो. फुग्याची रचना आठवली तर यात नवल वाटत नाही. पटल आत वळतं तेव्हा रिसेप्टरचं हार्मोन धरणारं तोंड फुग्याच्या पोटात जातं आणि शेपटी पूर्वीसारखीच पेशीरसात लोंबत राहते. निरोप द्यायचा तो शेपटीनेच. तिचा पत्ता तेवढा बदलला.

हा संदेश थांबतो तो एंडोसोमच्या आत आम्लता वाढते आणि रेट्रोमर नावाचा प्रथिनसमूह रिसेप्टरचा ताबा घेतो तेव्हा. याच गोष्टीत मजकुराला आणखी एक धक्का आहे. इथे बीटा-अरेस्टिन, ज्याला आपण गप्प करणारा म्हणून ओळखलं, तोच संदेश लांबवायला हातभार लावतो.

“आत गेलेली घंटा पेशी जाळून टाकते.”

काही घंटा जाळते. कोणत्या, ते ठरवणारं ठिकाण म्हणजे वर आलेला एंडोसोम. त्याच्या पटलात प्रोटॉन आत ढकलणारे पंप असतात, त्यामुळे आतला सामू (पीएच) उतरत जातो, म्हणजे आम्लता वाढत जाते: बाहेर साधारण 7.4, सुरुवातीच्या एंडोसोममध्ये 6 ते 6.5, आणखी आतल्या लायसोसोम या मोडतोडीच्या कप्प्यात 5 च्याही खाली. या उतरणीवर हार्मोन आणि रिसेप्टर यांची पकड किती टिकते, यावर बरंच काही ठरतं.

ईजीएफ आणि टीजीएफ-अल्फा या दोन वृद्धिघटकांची जोडी पाहा. एकच रिसेप्टर, दोघेही त्याला घट्ट धरतात, दोघांमुळेही तो आत जातो. टीजीएफ-अल्फाची पकड एंडोसोमच्या आम्लात सुटते. मोकळा झालेला रिसेप्टर बराचसा पुन्हा पृष्ठभागाकडे वळतो. ईजीएफची पकड सुटत नाही. हार्मोनसकट बसलेल्या रिसेप्टरच्या शेपटीवर सीबीएल नावाच्या प्रथिनामुळे युबिक्विटिनची चिठ्ठी लागून राहते. ती चिठ्ठी वाचणारी प्रथिनं त्याला एंडोसोमच्या पोटातल्या आणखी लहान फुग्यांत ढकलतात, आणि ते सगळं लायसोसोममध्ये जाऊन विरघळतं. एकाच दारातून आत गेलेल्या एकाच रिसेप्टरचे हे दोन शेवट आहेत, आणि फरक पडला तो फक्त आम्लात कोण किती घट्ट धरून बसतं यामुळे.

आता मजकुराचं लाडकं इन्सुलिन. इन्सुलिनची पकड एंडोसोमच्या आम्लात ढिली होते. सुटलेल्या इन्सुलिनचे विकरं तुकडे करतात, आणि रिसेप्टर बहुतांशी परत वर जातो. या सगळ्यात मोडलं जातं ते मुख्यतः इन्सुलिन. आणि ते मोडलं जावं हीच शरीराची गरज आहे. स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन आधी यकृतात पोचतं, आणि त्यातलं जवळपास निम्मं यकृत पहिल्याच फेरीत रिसेप्टरमार्फत आत घेऊन संपवतं. रक्तात इन्सुलिनचं अर्धायुष्य अवघ्या काही मिनिटांचं आहे ते यामुळे. हे झालं नाही तर जेवणानंतर वाढलेलं इन्सुलिन जेवण पचून गेल्यावरही साखर खाली ओढत राहील. ज्या प्रक्रियेला मजकूर घंटा जाळणं म्हणतो, तिचं मोठं काम निरोप वेळेवर पुसणं हे आहे.

परत येण्याचा वेगही रिसेप्टरागणिक वेगळा. व्हॅसोप्रेसिनच्या दोन रिसेप्टरांपैकी व्ही1ए चटकन परत येतो. मूत्रपिंडातला व्ही2 बीटा-अरेस्टिनला आतपर्यंत धरून ठेवतो आणि खूप रेंगाळतो. हा स्वभाव शेपटीत आहे. व्ही2 ची शेपटी कापून अॅड्रेनलिनच्या एका रिसेप्टरला लावली, तर तोही तसाच रेंगाळायला लागतो. याच व्ही2 मध्ये एक अमिनो आम्ल चुकीचं बसण्याचा एक आनुवंशिक दोष आहे. त्यात हार्मोन नसतानाही अरेस्टिन रिसेप्टरला चिकटून राहतो, रिसेप्टर सतत आत खेचला जातो, आणि मूत्रपिंड पाणी राखू शकत नाही. आत जाण्यामुळे आजार होतो तो असा, वेळकाळ न पाहता होतं तेव्हा.

“ती परत येत नाही, रिसेप्टर कायमचे कमी होतात.”

इन्सुलिनमुळे रिसेप्टर घटतात हे ज्या प्रयोगाने प्रथम थेट दाखवलं, त्यानेच या वाक्याचं उत्तरही दिलं होतं. 1974 साली जेम्स गॅव्हिन, जेसी रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या वाढवलेल्या लिम्फोसाइट पेशी काही तास भरपूर इन्सुलिनमध्ये ठेवल्या. पेशींवरचे रिसेप्टर लक्षणीय कमी झाले. मग त्यांनी इन्सुलिन धुऊन काढलं, आणि संख्या पुन्हा वर आली. पहिला अर्धा भाग फिरत राहिला आणि दुसरा गळून पडला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. प्रयोग करणाऱ्यांनी दोन्ही सांगितले होते.

यात समजून घ्यायचं ते हे की, पृष्ठभागावरची संख्या हा साठा नसतो. ती नळ उघडा आणि मोरी उघडी अशा टाकीतल्या पाण्याच्या पातळीसारखी असते. नवे रिसेप्टर तयार होत असतात, जुने मोडत असतात, आत गेलेले परतत असतात. हार्मोन वाढला की आत जाण्याचा आणि मोडण्याचा वेग वाढतो, पातळी खाली स्थिरावते. हार्मोन उतरला की ती वर येते. जनुकं जागेवर आहेत, पेशी जिवंत आहे, तोवर रिसेप्टर बनणं थांबलेलं नसतं. शिवाय मेदपेशींवर इन्सुलिनचे रिसेप्टर गरजेपेक्षा पुष्कळ जास्त असतात. पूर्ण परिणामासाठी त्यातले थोडेच भरावे लागतात. त्यामुळे संख्या काहीशी घटली तर तेवढ्याच परिणामासाठी जरा जास्त इन्सुलिन लागतं. पेशी बहिरी होत नाही. टाइप 2 मधुमेहातला इन्सुलिनला न जुमानण्याचा मोठा भाग रिसेप्टरच्या पुढच्या साखळीत असतो, आणि मजकूर त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

मजकुराच्या बाजूने सगळ्यात जोरकस उदाहरण कोणतं देता आलं असतं, तेही सांगते, कारण ते खरंच आहे. जीएनआरएच हा 10 अमिनो आम्लांचा हार्मोन मेंदूच्या तळाशी तयार होतो आणि पियुषिका ग्रंथीला थेंबाथेंबाने, ठरावीक अंतराने पोचतो. 1978 मध्ये अर्न्स्ट क्नोबिल यांच्या गटाने ऱ्हीसस माकडांत स्वतःचा जीएनआरएच बंद पाडून तो बाहेरून दिला. तासाला एक झटका दिला की एलएच आणि एफएसएच हे पुढचे हार्मोन व्यवस्थित चालू. अखंड धार लावली की दोन्ही कोसळले. आज पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात आणि मुलांच्या अकाली वयात येण्यावर देतात ती औषधं याच अखंड धारेवर चालतात. इथे सतत हार्मोन दिल्याने ग्रंथी खरोखर गप्प होते.

पण याच गोष्टीचा पुढचा भाग असा, की क्नोबिल यांनी धार बंद करून पुन्हा तासाचे झटके सुरू केले आणि हार्मोन परत आले. अकाली वयात येणाऱ्या मुलांचं औषध थांबवलं की त्यांचं वयात येणं पुन्हा सुरू होतं. उपचार त्या भरवशावरच दिला जातो. आणखी एक गोष्ट आहे, जी मला विलक्षण वाटते: माणसाच्या जीएनआरएच रिसेप्टरला ती आतली शेपटीच नाही. फॉस्फेट लावायला जागा नाही, अरेस्टिनला धरायला काही नाही, त्यामुळे तो इतर भावंडांच्या मानाने फार सावकाश आत जातो. म्हणजे सतत हार्मोन दिल्यावर सगळ्यात ठळकपणे गप्प होणारी व्यवस्था ही सगळ्यात संथ आत जाणाऱ्या रिसेप्टरची आहे. तिथली शांतता रिसेप्टरांची घटलेली संख्या आणि पुढच्या साखळीतले बदल मिळून येते. “जेवढं आत, तेवढं बहिरं” हे समीकरण इथेच मोडतं.

“प्रत्येक डोस रिसेप्टर संपवतो, म्हणून औषधाला सुट्टी द्या.”

आधी वजनाची इंजेक्शनं. ती जीएलपी-1 या हार्मोनच्या रिसेप्टरवर बसतात, आणि तो रिसेप्टर झपाट्याने आत जाणाऱ्यांपैकी आहे, हे खरं. त्यांतल्या सेमाग्लुटाइड या औषधाचं अर्धायुष्य साधारण आठवड्याचं. म्हणजे आठवड्याला एक डोस घेणाऱ्याच्या शरीरात ते चोवीस तास असतं आणि रिसेप्टरना उसंत अशी मिळतच नाही. मजकूर बरोबर असता, तर काही महिन्यांत औषध निकामी व्हायला हवं होतं. 17 हजारांहून जास्त लोकांच्या सिलेक्ट या चाचणीत उतरलेलं वजन चार वर्षांपर्यंत उतरलेलं राहिलं. दुसऱ्या एका चाचणीत 20 आठवड्यांनंतर काहींना नकळत खोटं औषध सुरू केलं. त्यांचं वजन परत चढलं, औषध चालू असलेल्यांचं आणखी उतरलं. सुट्टीत रिसेप्टर ताजेतवाने होऊन लाभ वाढला, असं काही घडलं नाही.

जठर रिकामं होण्याचा वेग मंदावणं हा या औषधांचा एक परिणाम सततच्या वापरात ओसरतो, हे मान्य. पण त्याच काळात भुकेवरचा आणि साखरेवरचा परिणाम टिकून असतो. रिसेप्टरच जळून गेले असते तर सगळेच परिणाम बरोबरीने ओसरले असते. दरम्यान, टिर्झेपॅटाइड हे नवं औषध जीएलपी-1 च्या रिसेप्टरवर बसतं तेव्हा अरेस्टिनला फारसं बोलावत नाही आणि रिसेप्टर कमी आत नेतं. आत जाण्याचं प्रमाण औषधाच्या रचनेतून बदलता येतं, हे औषध बनवणाऱ्यांना ठाऊक आहे आणि ते त्यावर काम करत आहेत. तो अभ्यास घरी सुट्ट्या घेऊन होत नाही. दुष्परिणाम होत असतील, तर डोस बदलण्याची किंवा थांबवण्याची कारणं डॉक्टरांकडे असतात, आणि ती वेगळी असतात.

आणि इन्सुलिन. ते माणसाला पहिल्यांदा दिलं गेलं जानेवारी 1922 मध्ये, टोरांटोत, 14 वर्षांच्या मुलाला. त्यानंतर त्याच्यावर आयुष्यं उभी राहिली. अमेरिकेतल्या जोसलिन केंद्रातर्फे 50 वर्षं इन्सुलिनवर काढलेल्या लोकांना पदक देतात. 75 वर्षांसाठी वेगळं पदक आहे आणि तेही लोकांना मिळालेलं आहे. रोज, दिवसातून अनेकदा, पाऊणशे वर्षं. प्रत्येक डोसाबरोबर त्यांच्या पेशींवरचे रिसेप्टर आत गेले, इन्सुलिन सोडून बरेचसे परतले, मोडले त्यांच्या जागी नवे आले, आणि दुसऱ्या दिवशीच्या डोसने साखर पुन्हा उतरली.

मला हा मजकूर पाठवणाऱ्यांतल्या एकीने विचारलं होतं, की तिच्या टाइप 1 मधुमेह असलेल्या भावाने दोन दिवस इन्सुलिन थांबवून ‘रिसेप्टर रीसेट’ करावेत का. तिला मी लगेच फोन केला आणि नको म्हणून सांगितलं. टाइप 1 मध्ये स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. बाहेरचं इन्सुलिन थांबलं की यकृत साखर आणि कीटोन सोडत सुटतं, रक्त आम्लधर्मी व्हायला लागतं, आणि माणूस अत्यवस्थ व्हायला दोन दिवसही लागत नाहीत. त्या वेळात त्याच्या पेशींवरचे रिसेप्टर पृष्ठभागावर हजर असतात, तोंड बाहेर आणि शेपटी आत, पण त्यांच्यावर बसायला इन्सुलिनचा रेणू नसतो.